झाकून ठेवलेलं वॉशिंग मशीन

भावजींनी चहाचा कप टेबलावर ठेवला, असा निदान त्यांचा तरी प्रामाणिक समज होता. खिडकीजवळच्या कोपऱ्यात कमरेएवढी उंच वस्तू, तिच्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर कागदी फुलांची फुलदाणी. अशी वस्तू टेबल नसेल तर काय असेल? पण रुमालाखाली गुळगुळीत प्लॅस्टिक होतं. कप घसरला, फुलदाणीने त्याला सोबत केली आणि गरम चहा चारी बाजूंनी खाली धावला. आतून दादा अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत पळत आले. धाकटा भाऊ भाजला का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मशीनवर सांडलास?"

कसलं मशीन, हे कळायला वेळ लागला, कारण दादा ते सोलत होते. आधी रुमाल निघाला, मग प्लॅस्टिक, मग एक जुनं ब्लँकेट, मग नाड्या लावून मुद्दाम शिवलेला अभ्रा. शेवटी कंपनीने चिकटवलेल्या पातळ कागदासकट एक कोरं करकरीत वॉशिंग मशीन उजेडात आलं. दादांनी ते अंगातल्या बनियनने पुसलं. नेमक्या त्याच वेळी न्हाणीघरातून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. धप्, धप्. भावजींनी मशीनकडे पाहिलं, आवाज ऐकला, पुन्हा मशीनकडे पाहिलं.

वहिनी कोपरापर्यंत भिजलेल्या हातांनी बाहेर आल्या. सांडलेल्या चहाकडे बघून म्हणाल्या, "राहू दे, मी पुसते. मशीन पाहुणा आहे घरातला. पाहुण्याकडून काम कसं करून घ्यायचं?"

भावजी पोट धरून हसले. वहिनींचा चेहरा तेव्हा हसरा नव्हता, हे त्यांच्या बरंच नंतर लक्षात आलं.

दादांना समजून घ्यायचं तर त्यांची नोकरी समजून घ्यावी लागते. आयुष्यभर ते एका कारखान्यात भांडारावर होते. खिळ्यापासून पट्ट्यापर्यंत सगळा माल त्यांच्या ताब्यात. कोणी काही मागायला आला की दादा आधी त्याला मागच्या वेळी नेलेल्या वस्तूचं काय केलं ते विचारत. माल वापरला जाणं ही त्यांना एक प्रकारची चोरीच वाटे. निवृत्त झाले तेव्हा भांडार त्यांना मिळालं होतं त्याहून भरलेलं होतं, आणि हे ते अभिमानाने सांगत. घरी आल्यावर त्यांनी घराचं भांडार केलं, एवढाच काय तो फरक. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोफ्याला खोळ, खोळीला खोळ. चांगले बूट एवढे जपले की ते घालायची वेळ आली तेव्हा पाय सुजून त्यांच्यात मावेनात. नातेवाइकांत त्यांना 'जपून' म्हणत. जपून आले का, जपून जेवले का. दादांना हे नाव आवडे. ते त्याला पदवी समजत.

या भांडारात वहिनी लग्न करून आल्या. आहेरात आलेला काचेच्या पेल्यांचा संच त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढला आणि त्याच संध्याकाळी तो परत खोक्यात गेला. तेव्हापासून त्या कान तुटलेल्या कपातून चहा पीत आल्या. भांडण त्यांनी कधी केलं नाही. जीभ मात्र धारदार ठेवली. लोक चाकूला दगडावर धार लावतात, वहिनींनी जिभेला संसारावर लावली.

त्यांचं स्वतःचं म्हणून एक काम होतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याचं काज-बटण त्या घरी आणून करत. खिडकीच्या उजेडात बसायचं, मांडीवर शर्टांचा गठ्ठा, ओठांत दोरा. बटण टाचून झालं की त्याच्या मानेभोवती दोऱ्याचे वेढे घालून त्या अशी गाठ मारत, की पोरांच्या मारामारीत शर्ट फाटावा पण बटण सुटू नये. कारखान्यातली मुकादमीण म्हणायची की हिची बटणं नातवंडांच्या शर्टाला पुन्हा लावता येतील. वहिनींना ही एवढीच वाहवा आयुष्यात मिळाली आणि ती त्यांना पुरत असे.

मग बोटं सुजू लागली. सकाळी मूठ मिटेना. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि सांगितलं, बाकी काहीही करा, कपडे पिळायचे नाहीत. पिळणं चालू राहिलं तर सुई धरणं सुटेल.

दादा वाईट माणूस नव्हते, इथेच सगळं घोडं अडतं. ऐकल्याबरोबर ते उठले, चार दुकानं पालथी घातली आणि सगळ्यांत नामांकित कंपनीचं सगळ्यांत भारी मशीन घेऊन आले. टेंपोतून ते उतरवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. वहिनींनाही भरून आलं. आणि मग भांडारपाल जागा झाला. विजेचा दाब कमी-जास्त होतोय, तो स्थिरावू दे. पाणी गढूळ येतंय, ते निवळू दे. रोजच्या चिंध्यांसाठी का ते आणलंय? पडदे धुवायचे असतील तेव्हा लावू. पडदे धुवायची वेळ आली तेव्हा दादांनी पडदे स्वच्छ आहेत असं जाहीर केलं. अभ्रा शिवायला सांगितला तोही वहिनींनाच. सुजल्या बोटांनी त्यांनी तो शिवला. नाड्यासुद्धा पक्क्या लावल्या.

चहा सांडल्यानंतर भावजींनी दादांना पुष्कळ सांगून पाहिलं. दादा ऐकून घेत आणि नवीन खोळ कुठे मिळेल ते विचारत.

शेवटी सुईनेच निकाल दिला. एके दिवशी वहिनींच्या हातून ती सारखी पडू लागली. मुकादमीण आली आणि त्यांच्या गठ्ठ्यातला अर्धा उचलून तिने शेजारच्या गल्लीतल्या कोणाला तरी दिला. "बऱ्या झालात की सांगा," असं मऊपणाने म्हणाली. त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दादांनी अभ्र्याच्या नाड्या सोडल्या.

पहिल्या दिवशी वहिनींनी मशीनसमोर स्टूल घेतलं आणि त्या गोल काचेकडे बघत बसून राहिल्या. लोक सिनेमा बघतात तसं. दादांचा लेंगा वर यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. "तुमचे दादा असे गटांगळ्या खाताना पहिल्यांदाच बघितले," त्या भावजींना फोनवर म्हणाल्या. किती दिवसांनी त्या मोकळं हसत होत्या. आठवड्याभरात बोटांची सूज उतरली. मुकादमिणीला निरोप गेला, आणि ती म्हणाली की पुढच्या महिन्यात बघू.

तो महिना मशीनने पुरा केला नाही. एका दुपारी आतून किरकिर झाली, मग गुरगुर, मग धडपड, आणि मशीन पोटात पाणी आणि दादांच्या दोन्ही पँटी घेऊन जे बसलं ते उठेचना. दारही उघडेना. कंपनीचा माणूस येईपर्यंत दादा लेंग्यावर फिरले. माणूस आला, पाठ उघडली, बॅटरी मारून आत पाहिलं. पाणी अडवणारं रबर तडकलं होतं. पाणी आत शिरून बेअरिंग गंजलं, ड्रम अडकला.

"कार्ड बघू," तो म्हणाला. दादांनी लॅमिनेट केलेलं कार्ड आणलं. त्याच्यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. माणसाने ते उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली. दुरुस्तीचा जो आकडा त्याने काढला, त्याच्यापेक्षा नवीन मशीन बरं, हेही त्यानेच सुचवलं. दादा म्हणाले, अहो, पण वापर तर आत्ता सुरू केला. त्यावर तो म्हणाला की वॉरंटी पावतीच्या तारखेपासून चालते, हौसेच्या तारखेपासून नाही. दात होते तेव्हा चणे झाकून ठेवले होते, आणि चणे काढेपर्यंत दात पडले. जाताना दारात मात्र तो भावजींच्या कानाशी लागला. या मॉडेलचं रबर मुळातच कच्चं आहे, गावभर तेच बदलत फिरतोय, पण हे मी बोललो नाही.

भावजींच्या अंगात संचारलं. ते शाळेत वाणिज्य शिकवत, आणि 'ग्राहकाचे हक्क' हा धडा दरवर्षी त्यांच्याच वाट्याला येई. त्यांनी दादा-वहिनींना समोर बसवून तो म्हणून दाखवला. वॉरंटी म्हणजे कंपनीने आपण होऊन दिलेला शब्द. त्याची मुदत संपली म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. वस्तूत दोष मुळापासून असेल आणि ती वाजवी आयुष्याच्या आधीच बसली असेल, तर मुदतीनंतरही जाब विचारता येतो. फक्त दोष मुळातला होता, हे आपल्याला दाखवावं लागतं. हे शेवटचं वाक्य ते वर्गातही भरभर म्हणत, कारण ते परीक्षेला येत नसे.

वहिनींनी एकच विचारलं. किती दिवस लागतील? भावजी म्हणाले, न्यायाला वेळ लागतो. वहिनी उठून न्हाणीघरात गेल्या.

कंपनीला पत्र गेलं, कंपनीचं छापील दिलगिरीचं उत्तर आलं, मग ग्राहक मंचात तक्रार. भावजींनी एका बाहेरच्या मेकॅनिककडून रबर हलक्या प्रतीचं असल्याचं लेखी घेतलं. ते काम त्यांनी खरोखर नेटाने केलं. तक्रारदार म्हणून दादांचं नाव घातलं, कारण पावती दादांच्या नावावर. पुढचा वाद कसा होणार हेही त्यांनी ओळखलं होतं. कंपनी म्हणेल तुम्ही मशीन रगडलं. म्हणून त्यांनी दादांना पढवलं, घरगुती वापर होता एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. दादांनी ते पाठ केलं.

तारखेच्या दिवशी वहिनी मागच्या बाकावर बसल्या. त्यांना कोणी काही विचारणार नव्हतं. पुढे अध्यक्षबाई, एका बाजूला कंपनीचा वकील, गोड बोलणारा पोरगेला माणूस. त्याने दादांना नमस्कार केला आणि अगदी आदराने विचारलं की काका, रोज किती कपडे टाकत होतात? घरात माणसं बरीच दिसतात. शेजाऱ्यांचेही धूत होतात का?

दादांचा चेहरा लाल झाला. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. भांडारपालावर नासधुशीचा आरोप होता.

"रगडलं?" ते उभे राहिले. "साहेब, दोन वर्षं त्या मशीनला मी कोणाला हात लावू दिला नाही. वरचा कागदसुद्धा अजून तसाच आहे. येऊन बघा."

भावजींनी डोळे मिटले. वकिलाने मात्र उघडले. त्याने शांतपणे मशीनसोबत आलेली पुस्तिका काढली आणि वाचून दाखवली. मशीन दीर्घकाळ बंद ठेवू नये, अधूनमधून चालवावं, अन्यथा रबरी भाग वाळून तडकण्याचा संभव. दादांकडेही ती पुस्तिका होती. ती खराब होऊ नये म्हणून त्यांनी पाकीट फोडलं नव्हतं. कंपनीला जे सिद्ध करायला घाम फुटला असता, ते दादांनी छाती काढून सांगितलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा पुष्कळ लोक मारून घेतात. दादांनी तो आधी पुसून घेतला होता.

अध्यक्षबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "मग दोन वर्षं कपडे कोण धूत होतं?"

"ही आहे ना," दादा म्हणाले, आणि त्यांनी मागच्या बाकाकडे हात केला.

कारकून हसला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर मागे गेली तशी वहिनींनी आपले हात मांडीवरच्या पिशवीखाली घेतले. भावजींना तेव्हा धड्यातली व्याख्या आठवली, की विकत घेणाराच नव्हे, त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. वहिनींचं नाव घालायला हवं होतं, त्यांना बोलतं करायला हवं होतं, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग लक्षात आलं की दोन वर्षं वापर तरी कुठे केला होता त्यांनी? आणि संमती? वहिनी बिचाऱ्या व्याख्येतही मावत नव्हत्या.

निकाल विरुद्ध गेला. रबर मुळात कच्चं होतं की पडून वाळलं, हे निश्चित सांगता येत नाही, सबब दोष सिद्ध होत नाही. अध्यक्षबाईंनी तो हलक्या आवाजात वाचला. घरी येताना दादा सारखं एकच बोलत होते, की जपणाऱ्याला जगात किंमत नाही.

निकालाची प्रत हातात पडली तेव्हा भावजी पुन्हा तयारीला लागले. वरच्या आयोगाकडे अपील करता येत होतं. मुद्दे चांगले होते. हलकं रबर घालणाऱ्या कंपनीने पुस्तिकेच्या आड लपावं हे त्यांना खरोखरच सहन होत नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. ते कागद घेऊन दादांच्या घरी गेले. खिडकीत शर्टांचा गठ्ठा नव्हता. पुढचा महिना कधीच होऊन गेला होता आणि मुकादमीण पुन्हा आली नव्हती. दादा झोपले होते. वहिनी मागच्या अंगणात होत्या.

त्यांनी भिजलेली चादर नळाच्या तोटीत अडकवली होती आणि तिची टोकं एकत्र धरून त्या पिळत होत्या. बोटं वळत नव्हती, म्हणून मनगटांनी. पीळ बसायचा, निम्म्यावर येऊन सुटायचा, पाणी पायांवर पडायचं. त्या पुन्हा धरायच्या. भावजी उंबऱ्यात उभे राहून बोलू लागले. म्हणाले, आता तक्रारीत तुमचं नाव घालता येतं का ते बघतो. म्हणाले, मंचाने दोष नाकारला नाही, फक्त सिद्ध झाला नाही म्हटलं, आणि या दोहोंत फरक आहे. वहिनी ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. भावजींचा आवाज वर्गातल्यासारखा चढला.

"वहिनी, शेवटी हा तुमचा हक्क आहे."

वहिनींनी चादर तोटीतून सोडवली आणि एक टोक त्यांच्यापुढे केलं.

"हक्क राहू दे भावजी, आधी हे टोक धरा."