बाबा, फोन उचला ना

माझ्या भावजयीला त्या कंपनीत मुलाखतीला धाडलं ते मीच. दोष द्यायचाच तर मला द्या. तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, तिथेच फोनवरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्याच जिन्यात कोसळून गेला. पण दुसरीकडे कुठे डाळ शिजत नव्हती. ही नोकरी हुकली असती तर खोली सोडून, लेकीला, आमच्या छकुलीला घेऊन ती माहेरी गेली असती. आणि मग माझं या घरात कोण?

साहेब नवा होता. अर्जात तिने माहेरचं नाव लिहिलेलं, त्यामुळे त्याला काही पत्ता नाही. त्याने तिच्या कानाला हेडफोन लावले.

"मॅडम, आमच्या सगळ्यात भारी माणसाचा कॉल ऐका. प्रत्येक उमेदवाराला हाच ऐकवतो. मधे घरचा फोन आला, तरी गडी हलला नाही. एवढंच शिकायचं."

आवाज माझ्या भावाचा होता. मेल्यांनी त्याला अजून कामाला जुंपलंय!

तो गिऱ्हाइकाला हसवत होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला: "बाबा, फोन उचला ना! बाबा, फोन उचला ना!" आमच्या छकुलीचा आवाज. ती रिंग तिने बापाला भरून दिली, ती तो गेला त्याच दिवशी सकाळी. छातीत जळजळतंय म्हणतच तो निघाला होता, म्हणून भावजयीने दुपारी फोन केलेला. घरी या, डॉक्टरकडे जाऊ, एवढंच सांगायचं होतं तिला. त्याला ऐकूच गेलं नसेल, अशी दोन वर्षं ती मनाची समजूत घालत होती.

"माफ करा, घरचाच आहे," तो गिऱ्हाइकाला म्हणाला आणि रिंग बंद केली.

"आता तुम्ही," साहेब म्हणाला. एका कानाला खरं गिऱ्हाईक, समोर टेबलावर तिचा स्वतःचा मोबाइल.

आता माझं शहाणपण ऐका. अर्जात घरचा नंबर माझा होता, त्यावर कंपनीतल्या बाईंनी मला आधीच कळवलेलं, बरोबर साडेअकराला उमेदवाराला फोन करा, परीक्षा आहे, तिला सांगू नका. मी मूर्ख, घड्याळाकडे डोळे लावून बसले आणि ठोक्याला फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही, तेव्हा मी चक्क खूश झाले हो!

संध्याकाळी ती नेमणुकीचं पत्र घेऊन आली. चपलासुद्धा न काढता खुर्चीत बसली.

"ताई, हात गेला होता माझा फोनकडे. त्यांचाही गेला असेल ना?"

"गेला असेल गं," मी म्हणाले. मला काय ठाऊक, कप्पाळ माझं!

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली, तर छकुली आडवी आली. "आई, तुझ्या फोनमध्ये पण माझा आवाज भरू?"

भावजय दारातून मागे फिरली. मोबाइल माझ्या हातात ठेवला.

"हा घरीच राहू दे, ताई. वाजला तर तुम्ही तरी उचला."

तेव्हापासून ती रोज तो ठेवून जाते.