तीन उशीर खरे, एक खोटा

येलहंक्यातले रत्नाकर देवस्थळी एका सरकारी संशोधन संस्थेत दाबमापक तपासतात. काटा केसभर चुकला तरी यंत्र नापास. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात, आणि सुरुवातीलाच बजावतात की, यात गाढव कोण ते शोधायला फार वेळ लागणार नाही.

वेदिकाच्या, म्हणजे मुलीच्या, शिक्षणासाठी कर्ज काढायचं ठरलं. बँकेने त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला, तर गेल्या वर्षी फ्रिजचे चार हप्ते उशिरा भरल्याची नोंद. रत्नाकर भडकले. विजेचं बिलसुद्धा त्यांनी कधी शेवटच्या तारखेपर्यंत ठेवलं नव्हतं. रविवारभर बसून त्यांनी सात पानी तक्रार लिहिली, वर एक आलेखही जोडला.

फायनान्स कंपनीच्या महादेवपुऱ्यातल्या कचेरीत पद्मनाभ नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना 'स्वल्प बसा', म्हणजे कानडी वळणाने 'जरा बसा', म्हणून बसवलं आणि सातही पानं शांतपणे चाळली. मग तो म्हणाला की एवढं नको; महिन्याला एक ओळ आणि पैसे वेळेवर गेल्याचा पुरावा, बस.

पुराव्यासाठी रत्नाकर घरी बँकेचे उतारे घेऊन बसले. बायको प्रेमा शेजारी मटार सोलत होती. पगाराचं खातं त्यांनी नव्या बँकेत नेलं होतं, हप्ता मात्र जुन्याच खात्यातून जायचा, आणि तिथे उरले होते दोनशे बारा रुपये. तीन हप्ते परत गेले होते. चौथ्या महिन्यात विम्याचे पैसे तिथे जमा झाले, म्हणून कंपनीने सगळी थकबाकी परस्पर वळती करून घेतली. तो चौथा हप्ता तेवढा वेळेवर गेला होता.

"पण मला कळवायला नको?" रत्नाकर म्हणाले.

"कळवलं होतं की. सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही पडद्यावर दाखवलात ना, तो मेसेज त्यांचाच," प्रेमा म्हणाली.

त्यांना आठवलं. ऑनलाइन फसवणुकीवर त्यांनी तिथे भाषण दिलं होतं आणि बनावट मेसेजचा अस्सल नमुना म्हणून 'आपला हप्ता थकला आहे' हाच दाखवला होता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. कंपनीतून शिवानी नावाच्या मुलीचा फोन आला, तेव्हा असले धंदे करताना आईवडिलांची लाज वाटत नाही का, असं तिला विचारून त्यांनी नंबर ब्लॉक केला होता.

नवी तक्रार एका ओळीची झाली. ती द्यायला गेले तेव्हा त्यांनी शिवानीला शोधून काढलं आणि उभ्यानेच माफी मागितली. तिने एवढंच विचारलं, "सर, आता नंबर अनब्लॉक करणार का?" त्यांनी तिच्यासमोरच केला. कसा करायचा ते तिनेच दाखवलं.

तीन आठवड्यांनी चौथी नोंद दुरुस्त झाली. बाकीच्या तीन राहिल्या, कारण त्या खऱ्या होत्या. कर्ज मिळालं, पण बँकेने सहअर्जदार म्हणून त्यांच्याऐवजी प्रेमाला पसंत केलं. कागदांवर तिने चौदा सह्या केल्या, आणि रत्नाकर शेजारी बसून पानं उलटत राहिले.