दुर्बीणबाई गच्चीवर

काचेच्या कारखान्यात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणत. उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या आणि ती स्टुलावर बसून बघायची. काचेत बुडबुडा, गळ्याला केसाएवढी चीर, बूड पातळ, काहीही दिसलं की हात पुढे आणि बाटली बाजूला. तेवीस वर्षं हेच. "मुंगीनं आवंढा गिळला तरी हिला दिसतो," मुकादम नव्या बायकांना सांगायचा.

मग कॅमेरा आला. महिनाभर तिनंच त्याला शिकवलं. इंजिनिअर एकेक बाटली पुढे धरायचा; ती सांगायची, ही खराब, ही चालेल, हा नुसता डाग आहे. महिना संपला तेव्हा मुकादम खाली बघत म्हणाला, "बाई, उद्यापासून येऊ नका. माझ्या हातात असतं तर..."

"असू दे," ती म्हणाली. डबा, चपला, जुना स्वेटर पिशवीत भरून घरी आली. डोळ्यांत टिपूस नाही. नळदुरुस्तीची कामं करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती भांडी घासत राहिली.

चौथ्या रात्री खालच्या मजल्यावरची धाकटी जाऊ दार वाजवत आली.

"ताई, गच्चीवर चला! आज उल्का पडणार आहेत, तारे तुटणार! दरवर्षी याच सुमाराला पडतात म्हणे, आणि आपण दरवर्षी घोरत पडतो."

"तू जा."

"आणि तुम्ही काय भिंतींकडे बघत बसणार? उठा."

उठवलं म्हणून ती उठली. वर पाण्याच्या टाक्यांमध्ये चादरी पसरून इमारतीतली सात-आठ माणसं आडवी झाली होती. बराच वेळ नुसतं "कुठे? कुठे?" आणि "गेला की!" चाललं होतं. जाऊ तर दर वेळी भलतीकडेच बघत असायची. "माझं नशीबच उफराटं," ती कुरकुरली.

"टाकीच्या वर," दुर्बीण हळूच म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. थोड्या वेळानं, "डावीकडे. बारीक होता." मग आणखी एक. एकही तिच्या नजरेतून सुटेना. लोक चादरी ओढत तिच्याजवळ सरकले.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला एवढं दिसतं तरी कसं?"

"एका जागी टक लावायची नाही. सगळा पट्टा नजरेत ठेवायचा. चुकीचं असेल ते आपोआप दिसतं."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वर बघितलं.

एक मोठा, हिरवट तारा अर्धं आकाश कापत गेला. गच्चीवर एकच कल्ला झाला. तिला आत काहीच हललेलं जाणवलं नाही. "हा मोठा," एवढंच ती म्हणाली.

"ताई, काही मागितलंत?" जावेनं विचारलं.

"नाही."

तेव्हा जावेचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. प्रत्येक उल्केबरोबर तो चादरीवरून वीतभर उचलला जात होता आणि परत खाली पडत होता. तिला स्वतःला ते ठाऊकही नव्हतं. जावेनं तो हात आपल्या हातात घेतला आणि उजाडेपर्यंत धरून ठेवला.

"गार पडलाय."

"असेल."

दोन महिन्यांनी तिला शर्टांच्या कारखान्यात धागे कापायचं काम मिळालं. पुढच्या वर्षी जाऊ पुन्हा बोलवायला आली. "सकाळी लवकर उठायचंय गं," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.