पार्श्वभूमीच्या मानाने

"बाई, तुमची पोरगी अमेरिकेचा इतिहास शिकायला परदेशात चालली म्हणे. मग आमचे व्हरांडे कोण झाडणार?"

सर माझ्या आईला म्हणाले. अकोल्यातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. आईच्या हातात झाडू होता. सगळे हसले. आईही हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

त्याच कॉलेजात मी इतिहासात एम.ए. केलं. पहिली आले. गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेतली काळी माणसं शाळा काढतात, म्हातारे नातवंडांशेजारी बसून अक्षरं गिरवतात, हे वाचलं आणि मला माझा आजा दिसला. विहारात बसून म्हातारपणी सही शिकलेला. हेच शिकायचं, ठरलं.

ते शिकवणाऱ्या परदेशातल्या विद्यापीठात जागा मोजक्याच. तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागत. दोन गेली होती. तिसरं विभागप्रमुखांचं, म्हणजे या सरांचं. तीन आठवडे त्यांनी फिरवलं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

'पार्श्वभूमीच्या मानाने हुशार आहे.'

"सर, तेवढे दोन शब्द काढा. मी पहिली आले आहे."

"हेच पाठवतो. नाहीतर काहीच नाही."

घ्यावं का? कोणाला कळणार होतं? मला कळणार होतं.

"मग नको, सर."

त्यांनी पत्र माझ्यासमोर पुसलं.

आई जिन्याखाली बसली होती. तिला सांगितलं.

"काहून नाही म्हटलं व? ऐकून घ्यायचं होतं."

"तुझ्यासारखं?"

बोलून गेले.

"मी कोनासाठी ऐकून राहिली मंग?"



अर्ज अपुरा म्हणून बाद झाला. कोणी उघडलाही नाही. मी शिकवण्या घेते, घरी येते, भिंतीकडे तोंड करून पडते. कधी वाटतं, आईच बरोबर होती.

तरी यंदा अर्ज भरते आहे. तिसरं पत्र अमरावतीच्या माझ्या जुन्या बाईंनी दिलंय. मागच्यापेक्षा आशा जास्त नाही. पण त्या माणसाच्या दारात मी पुन्हा उभी राहणार नाही. परदेशातल्यांनी नाकारायचं तर नाकारावं. या वेळी त्यांना वाचून नाकारावं लागेल.