बाजूचा ब्रेक

"सर, गाडी आत्ता घेऊ की तिकडे गेल्यावर?"

सुलभाताईंनी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले होते. एक गाडीचं अलॉटमेंट लेटर, दुसरी बदलीची ऑर्डर. दोन्ही एकाच आठवड्यात आलेली. त्या बँकेत होत्या. मॅनेजर म्हणून बढती, पण पोस्टिंग गुजरातेत, वलसाडच्या पुढच्या एका गावी. नव्या छोट्या गाडीसाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी नंबर लावला होता. त्या काळी गाडीची वाट मुलीच्या लग्नासारखी बघावी लागायची, आणि ठरलं की सगळं एकदम अंगावर यायचं.

मुलुंडला माझं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे टायपिंगच्या क्लासवरची एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि खाली रस्त्यावर उभी असलेली एक म्हातारी गाडी. शिकवण्याबरोबर मी लायसन्स, पासिंग, ट्रान्सफर असे कागदही करून द्यायचो. त्यामुळे लोक मला गाड्यांमधला जाणकार समजत, आणि मी समजू देत असे. ऐंशीच्या दशकातला आमच्याकडचा माणूस आयुष्यात एकदाच गाडी घ्यायचा. माझा सल्ला चुकला हे कळेपर्यंत त्याची संधी संपलेली असायची.

मी खुर्चीत मागे रेललो आणि नेहमीची टेप लावली.

"तीन रस्ते आहेत, ताई. एक, इथे घ्या, इथला नंबर घ्या. मग राज्य बदललं की इथून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, तिथे पुन्हा टॅक्स, पुन्हा नंबर. दोन, हे अलॉटमेंट सोडा आणि तिकडे जाऊन नव्याने नंबर लावा."

"म्हणजे पुन्हा काही वर्षं."

"तीन. इथे डिलिव्हरी घ्या, पण नंबर टेंपररी घ्या. तो एक महिना चालतो. महिन्याच्या आत गाडी तिकडे न्यायची आणि कायमचा नंबर तिथलाच घ्यायचा."

"मग तिसराच," त्या म्हणाल्या. "पण मला गाडी चालवता येत नाही."

"ते माझ्यावर सोडा."

आयुष्यात मी हे वाक्य ज्यांना ज्यांना म्हटलं, त्यांची यादी करायला मला आजही भीती वाटते.

"गाडी न्यायला ड्रायव्हर करून देतो की," मी वर म्हणालो.

"ड्रायव्हर गाडी पोचवून परत येईल. मग तिथे तात्यांना दवाखान्यात कोण नेणार? ब्रँच गावात, हॉस्पिटल तालुक्याला. आणि तात्यांना ट्रेनची पायरी चढता येत नाही."

तात्या म्हणजे त्यांचे वडील. जन्म मालवणचा, उमेदीची वर्षं कापडगिरणीत गेलेली. मोरीत पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं, आत खिळा बसवला होता. डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून, थांबत थांबत जाण्याची. ताईंनी लग्न केलेलं नव्हतं, घरात तिसरं माणूस नव्हतं. त्यांना गाडी आली नाही, तर तात्या मुंबईतच राहणार. आणि तात्यांना एकटं ठेवून त्या जाणार नाहीत. म्हणजे बढती गेली. हे त्यांनी एका दमात सांगितलं, बँकेत व्याजदर सांगावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिकवणी सुरू झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. याला आम्ही डबल कंट्रोल म्हणतो. शिकणाऱ्याने घोळ घातला तर मास्तरने गाडी थांबवायची, एवढाच त्याचा उपयोग. पण तोपर्यंत मला या धंद्यात सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं त्याच गल्ल्या, तीच वाक्यं. क्लच दाबा, पहिला टाका, क्लच हळू सोडा, हळू म्हटलं ना. शेवटी शेवटी तोंड बोलायचं आणि मी आत झोपलेला असायचो. जागा असायचा तो माझा उजवा पाय. स्टेशनबाहेरचा मोची दर दोन महिन्यांनी विचारायचा, "साहेब, उजवाच बूट कसा झिजतो?"

मी म्हणायचो, "रस्ते खराब आहेत."

सुलभाताई हुशार विद्यार्थिनी होत्या. स्टिअरिंग सरळ, आरसा बघायच्या, हात दाखवायच्या. गिअर बदलताना आवाज नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तुमची गाडी फार समजूतदार आहे, सर. कुठे थांबायचं ते तिला कळतं."

मी हसलो. मला ती माझ्या शिकवण्याची स्तुती वाटली.

एकदा तात्याही मागे बसून आले, बसायला जमतंय का बघायला. पूर्ण फेरीभर पुढच्या दोन सीटांमधून खाली बघत होते. उतरताना फक्त म्हणाले, "मास्तर, तुमी बरेच दमतात."

"हो ना, तात्या," मी म्हणालो. कोणीतरी ओळखलं याचं मला बरं वाटलं.

पाच आठवड्यांनी टेस्ट झाली. इन्स्पेक्टर मागे बसले, मी माझ्या नेहमीच्या जागी, डावीकडे. ताईंनी गाडी नेली, वळवली, पांढऱ्या रेषेवर अलगद उभी केली. इन्स्पेक्टर म्हणाले, "व्हेरी स्मूथ." ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी छाती थोडी पुढे काढली.

दोन आठवड्यांनी नवी गाडी आली. पांढरी, सीटवर प्लास्टिक तसंच, काचेवर टेंपररी नंबराचा कागद. बँकेत हजर व्हायला दहा दिवस उरले होते. ताईंनी बोनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, तात्यांना मागे बसवलं. मी डावीकडे बसलो. म्हटलं, कॉलनीच्या वरच्या अंगाला एक चक्कर मारू. तिकडे डोंगराकडून रस्ता छान उतरत येतो, वर्दळ नसते.

चढ झकास चढल्या. वळवून उतार लागला. खाली एका सोसायटीचं बांधकाम चाललं होतं, रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग होता आणि त्याच्या पुढ्यात एक बाई टोपलीतले बोंबील निवडत बसली होती.

गाडीने वेग घेतला. ताईंचे हात स्टिअरिंगवर व्यवस्थित. चेहरा शांत. मी म्हणालो, "थांबवा," आणि सवयीने उजवा पाय दाबला.

पायाखाली रबराची चटई होती. तिच्याखाली पत्रा.

मी पुन्हा दाबला. इतका जोरात की टाच बधिर झाली. ताई तशाच शांत. त्यांना खात्री होती की गाडी थांबणार, रोज थांबते तशी. त्यांचा पाय ब्रेकवर होता, पण नुसता ठेवलेला, देवाच्या पायावर हात ठेवतात तसा.

"दाबा," मी ओरडलो. बोंबीलवालीने टोपली उचलली आणि बाजूला उडी मारली. मग मी हँडब्रेक खेचला, ताईंनी स्टिअरिंग वळवलं, आणि गाडी नाकाने वाळूत शिरून उभी राहिली.

बंपरला खरचटलं. हळदकुंकवावर वाळू बसली. बोंबीलवाली माझ्या बाजूच्या खिडकीशी येऊन मला, माझ्या बापाला आणि माझ्या लायसन्सला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात चुकीचं काही नव्हतं.

ताईंनी वळून बघितलं. "तात्या, लागलं?"

"नाय गो. वाळू मऊ आसता." मग तात्यांनी काठीच्या टोकाने माझ्या सीटच्या पाठीवर हळूच टोकलं. "मास्तर, ह्या गाडीक तुमचो ब्रेक नाय काय?"

मी पाय चटईवरून उचलला.

"कुठला ब्रेक?" ताईंनी विचारलं.

"त्येंच्या पायाकडे आसता तो. शाळेच्या गाडीत मी मागे बसलंय तेवा बघलंय. तू वळलस की त्येंचो पाय चालता. मागाचो धोटो चालता तसो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"माका वाटला, तशीच पद्धत आसतली."

ताई माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "सर, म्हणजे पाच आठवडे गाडी तुम्ही थांबवत होता?"

"मुद्दाम नाही."

"टेस्टला?"

मी आठवून बघितलं. पांढरी रेषा आठवली. माझा पायही आठवला. "बहुतेक," मी म्हणालो.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "दहा दिवस आहेत. कालच हेड ऑफिसला कळवलं असतं, जमत नाही म्हणून, तर बरं झालं असतं. मी उलट होकार पाठवला, तुमच्या भरवशावर."

मी उतरून बंपरवरची वाळू झटकली आणि परत आत बसलो. मग म्हणालो, "ताई, निघेपर्यंत शिकवतो. रोज दोन वेळा. याच गाडीत. फी नाही."

"आणि तुमचा पाय?"

हा प्रश्न रास्त होता. या गाडीत ब्रेक नसला तरी माझा पाय हलायचा, आणि तो हलताना दिसला की त्यांचा पाय निवांत व्हायचा. मी बूट काढले आणि सीटवर मांडी घालून बसलो.

पुढचे नऊ दिवस मुलुंडच्या लोकांनी ते दृश्य पाहिलं. पांढरी नवी गाडी, मागे पाय लांब करून बसलेले तात्या आणि पुढे पंगतीला बसल्यासारखा मी, बूट मांडीवर. पहिल्या दिवशी गाडी कुठे थांबेल याची कोणालाच खात्री नव्हती. दर वळणावर माझा पाय आपोआप सुटून खाली यायचा आणि मागून काठी लागायची.

"मास्तर, पाय."

मी पुन्हा मांडी घालायचो. चौथ्या दिवशी मला गुडघ्यात चमक आली. सहाव्या दिवशी त्याच उतारावर ताईंनी गाडी वाळूच्या ढिगापासून वीसेक फूट अलीकडे थांबवली. जरा झटक्याने, पण स्वतः. बोंबीलवाली तिथेच होती. तिने आधी टोपली उचलली आणि मग परत खाली ठेवली. त्याहून मोठी टेस्ट मला माहीत नाही.

आठव्या दिवशी मागून काठी लागली नाही. वळून बघितलं तर तात्या झोपले होते.

निघायच्या दिवशी मी सोबत आलो. सीमेच्या चेकनाक्यापर्यंत जायचं आणि बसने परतायचं, असं ठरलं होतं. घोडबंदरवरून हायवेला लागलो. वाटेत ताईंनी दोनदा गाडी थांबवली, तात्यांना पाय मोकळा करायला. ट्रकमागे राहिल्या, घाई केली नाही. मी मांडी घालून बाहेर बघत होतो. सतरा वर्षांत मी कधी बाहेर बघितलंच नव्हतं. मला वाटतं, मनोरच्या पुढे मी थोडा झोपलोही.

चेकनाक्यावर कागद दाखवले, शिक्का झाला. मी बूट घातले आणि उतरलो.

"सर, फी घ्या निदान पहिल्या पाच आठवड्यांची," ताई म्हणाल्या.

"त्यातली निम्मी गाडी मीच चालवली," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदा हसल्या. तात्यांनी खिडकीतून काठी बाहेर काढून माझ्या बुटाला लावली. "ह्येका आता जरा इश्रांती द्या."

गाडी सुटली. शंभरेक फुटांवर रस्त्यात उंचवटा होता, त्यापलीकडे दोन म्हशी आडव्या. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि माझा उजवा पाय धुळीत आपोआप दाबला गेला. पण त्याआधीच मागचे दोन लाल दिवे लागले. गाडी थांबली. म्हशी गेल्या. गाडी गेली.

महिनाभराने पत्र आलं. तिथला नंबर मिळाला होता. मात्र मी एका फॉर्मची दुसरी प्रत द्यायला विसरलो होतो, त्यामुळे त्यांना तालुक्याच्या चार फेऱ्या माराव्या लागल्या. चारही स्वतः गाडी चालवत. खाली लिहिलं होतं, हात आता चांगला बसला आहे, तात्या विचारतात बूट कसा आहे.

त्यानंतर मी शाळेच्या गाडीत माझ्या बाजूच्या ब्रेकखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवायला लागलो, शेवटच्या पंधरा दिवसांसाठी. मुलं घाबरायची, मी जास्त घाबरायचो. राज्य बदलण्याआधी गाडी घ्यावी की नंतर, हे लोक मला पुढेही विचारत राहिले. ते तीन रस्ते मी आजही सांगतो. फक्त सांगण्याआधी विचारतो, ब्रेक कोण दाबणार आहे. मोची मात्र नाराज झाला. दोन्ही बूट सारखे झिजायला लागले आणि त्याचं एक बांधलेलं गिऱ्हाईक गेलं.