फुगलेलं दार

चारकोपला आमच्या गेटपाशी एक म्हातारा सुतार बसायचा. पावसाळ्यात संडासाचं दार अडकलं की मी त्याला बोलवायचो. तो दाराच्या कडेवरून तळहात फिरवायचा, चहा प्यायचा आणि करवत न काढताच उठायचा.

“फुगलंय, साहेब. दिवाळीला बसेल जागेवर. आता कापलं तर तेव्हा जोडणार कोण?”

मला तो आळशी वाटायचा.

हल्ली तो दिसत नाही. यंदा जुलैमध्ये मी बॅटरीवरची छोटी करवत आणली. खोक्यावर गॉगल लावलेला तज्ज्ञ होता. मीही गॉगल लावला. दोन मिनिटांत दार मोकळं झालं.

दिवाळीला ते सुकलं. आता कडी चौकटीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आत गेलेल्याला गाणं म्हणावं लागतं.

“त्या म्हाताऱ्याला नुसता चहा लागायचा हो,” बायको बाहेरून म्हणते.

मी वरच्या पट्टीत गातो.