एकट्याचं बिऱ्हाड

डार्सी ट्रेगेन्झाला अॅडलेडच्या उत्तरेकडच्या क्वॉर्न गावात कुणी बोलका म्हणणार नाही. गडी बोललाच तर टायरविषयी बोलतो, नाहीतर पाऊसपाण्याविषयी. पण यंदा जुलैची, ऐन हिवाळ्यातली शाळेची सुट्टी लागली आणि ह्या माणसानं बायकोचं नाव घेऊन गावभर एकच पालुपद लावलं, "वेल्मा येणाराय. उडनाडाटाच्या वाटेला. माझ्याबरोबर." पेट्रोल पंपावर सांगितलं, खाटकाकडं मटणाच्या चापा घेताना सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

त्याला कारण होतं. उभी हयात त्यानं उडनाडाटाच्या त्या मातीच्या रस्त्यावर ग्रेडर चालवला. यंत्राच्या पोटाखालचं पातं टेकवायचं आणि पन्हळी पत्र्यासारखा झालेला रस्ता खरवडत, सपाट करत जायचं. टोकाला पोचावं तर मागचा पुन्हा उखडलेला. ग्रेडरच्या मागं एक लहानशी कॅरव्हॅन जोडलेली, तिच्यात एकट्याचा मुक्काम. पंधरवडा तिकडं, चार दिवस घरी. शाळेला सुट्ट्या लागल्या की ते चार दिवसही बुडायचे, कारण शहरातली माणसं नेमकी तेव्हाच फिरायला निघायची आणि रस्त्याची पार माती करून टाकायची. दुसऱ्यांचे बाप पोरं घेऊन वॉलरूच्या किनाऱ्यावर खेकडे धरायला जायचे. ट्रेगेन्झांची तीन पोरं वेल्मा एकटी बसनं न्यायची. धाकट्याला पोहायला तिनं शिकवलं. थोरलीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाला तीच बसली. डार्सी यायचा तो लाल माती आणि धुण्याची पिशवी घेऊन.

नोकरी सुटल्यापासून तो दर सुट्टीला विचारायचा, "येतीस का, तुला रस्ता दाखवतो." ती म्हणायची, "त्या रस्त्यानं माझा नवरा खाल्ला, आता त्याला बघायला जाऊ व्हय?"

यंदा नात आली अॅडलेडहून. टेगन तिचं नाव, चौथीतली, जीभ कातरीसारखी. त्याच वाटेवरच्या आयरच्या तळ्यात पाणी आलंय, पेलिकन पक्षी उतरलेत, असं तिनं टीव्हीवर बघितलं आणि आजीच्या मागं टुमणं लावलं, "नॅन, तू आलीस तरच मी जाणार. पॉप रस्त्यात बोलतच नाही." वेल्मा हसली आणि म्हणाली, "येते."

म्हणाली खरी. पण शब्द फिरवायला कितीसा वेळ लागतो? डार्सीला तीच काळजी. ह्या खेपेला बिनसलं तर पुन्हा विचारायला तोंड उरणार नाही, हे तो जाणून होता. आणि तिला तिकडं नेऊन काहीतरी बोलायचं होतं. स्वैपाकघरात ते त्याच्या घशाबाहेर येत नव्हतं. आपल्या रस्त्यावर येईल, असं त्याला आपलं वाटायचं.

मग गडी गाडीच्या मागं लागला. टायरची हवा बघितली, जादाचे दोन टायर टपावर आवळले. रेडिएटरपुढं गवताचं बी अडवायला बारीक जाळी बांधली. पाण्याची पिंपं, डिझेलचे कॅन, पट्टे, पाने, फावडं. बिडाचं जाड भांडं, चहा उकळायचा काळाठिक्कर डबा. ताडपत्रीत गुंडाळलेली अंथरुणाची वळकटी. गाडीचा मागचा हौदा असा चापून भरला की खडबडीत रस्त्यावर एक पाना वाजायचा नाही.

"पॉप, ही पहार कशाला?" टेगननं विचारलं.

"गाडी रुतली तर."

"आणि ही दुसरी?"

"पहिली हरवली तर."

कुंपणावरून शेजारचा ग्लेन वाकून बघत होता. "डार्सी, लेका, माणूस बसायला तरी जागा ठिवलीस का?"

"तू तुझी गाडी बघ. तुझी तर गावाबाहेर जाईस्तवर निम्मी सांडती."

तेवढ्यात वेल्मा आपली बॅग घेऊन बाहेर आली. मागचं फळकूट उघडं होतं. बॅग ठेवायला तिनं जागा शोधली. वळकटीच्या कडेला बघितलं, पिंपाच्या मागं बघितलं. मग ती बघतच राहिली.

"डार्सी, जाणार कोण कोण?"

"आपण तिघं की."

"आणि जेवणार कोण?"

त्याला कळेना. तिनं हात घालून पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. एक ताटली, एक कप, एक काटा, एक सुरी. पेटीमागं एक घडीची खुर्ची. वळकटी एक.

टेगन खिदळली. "पॉप, मी आणि नॅन कांगारूसारखं उभ्यानंच खायचं का?"

वेल्मा मात्र हसली नाही. "जा तू," ती म्हणाली. "गाडी तुझ्याच मापाची भरलीयेस." बॅग उचलली आणि घरात गेली. जाळीचं दार आपटलं. ग्लेनला एकदम आपल्या झाडांना पाणी घालायची आठवण झाली.

डार्सी पेटीकडं बघत उभा राहिला. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. डोकं तिघांचं म्हणत होतं, हात मात्र जन्मभर भरत आले तेच भरत गेले होते. ते हात त्यानं उलटसुलट करून बघितले, जसं काही दुसऱ्याचेच आहेत.

मग तो सामान काढायला लागला. पिंपं, पेटी, पहारी, सगळं अंगणात उतरवलं. हौदा पार मोकळा. टेगन घाबरली. "पॉप, आपण जायचं नाही का?"

"ते तुझ्या आजीला विचारतो," म्हणाला आणि आत गेला.

वेल्मा ओट्यापाशी भोपळा चिरत होती. पाठ दाराकडं.

"वेल्मा, मला तिघांची गाडी भरता येत न्हाई."

"ते दिसलं."

"कधी भरलीच न्हाई. तू भरलीस. तीन पोरं, पिशव्या, खेकड्याच्या जाळ्या, आणि ती वळणावळणाची बस."

"आणि ओकणारी पोरं," ती म्हणाली. सुरी चालूच.

"ती पण. मी रस्ता राखत होतो ना, तवा वाटायचं कामाचा गडी मीच. रस्ता तर दर महिन्याला उखडायचा. तू केलंस ते टिकलं. पोरं माणसात हाईत. हे मी कधी तोंडानं बोललो न्हाई." त्यानं ओट्यावरची भोपळ्याची सालं गोळा केली. "ते तिकडं, आपल्या रस्त्यावर नेऊन बोलायचं होतं."

"मग हितं का बोललास?"

"तू येतीस का न्हाई त्याचा भरवसा न्हाई, म्हणून."

सुरी थांबली. मग वेल्मानं पदर नसलेल्या बायका पुसतात तसे अॅप्रनला हात पुसले. डोळ्यांनाही तो एकदा लावला, पण तेवढंच.

"त्या दोन पहारी कशाला रे घेतल्यास?"

"एक हरवली तर..."

"पहार कधी हरवती का, येड्या? एक बाहेर ठेव. तिथं माझी उशी बसंल."

ती अंगणात आली आणि मग कारभार तिच्या हातात गेला. डार्सीचे निम्मे पाने शेडमध्ये परत गेले. ताटल्या आल्या, कप आले, तिघांची अंथरुणं आली, पोरीचे लोकरी मोजे आले. तिनं बिस्किटांचा डबा डिझेलच्या कॅनपासून लांब ठेवला. "वास लागतो," म्हणाली, आणि डार्सी म्हणाला, "मला जन्मभर तसलीच बिस्किटं मिळाली."

"मग आता बरी खा."

तो नुसता "व्हय" म्हणाला. तोंडातून तेवढंच निघालं, पण त्या एका शब्दात गडी काय काय म्हणून गेला.

संध्याकाळी डार्सी न्हाणीत ग्रीस धूत होता. बाहेर वेल्मा फोनवर होती. चेंडू घरंगळवायचा बोल्स खेळतात त्या क्लबातल्या मैत्रिणीला सांगत होती, "शनिवारी माझी वाट बघू नका. पुढच्या शनिवारी पण न्हाई... अगं, उत्तरेला. नवऱ्याबरोबर."

पलीकडून काहीतरी चिडवलं असावं.

"हो बाई, तोच. आमचा नवरा हाय, दुसरा कुठला असणार? रस्ता दाखवणाराय त्याचा. आता त्यानं राखलाय म्हटल्यावर बघायला नको का?"

डार्सीनं नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू येईना, आणि त्याला पुढचं सगळं ऐकायचं होतं.